लकी कीबोर्डाची कैफियत

मित्रांनो, ज्याच्या अंगावरची निम्मी अक्षरं घासून गेली आहेत असा उदगीरचा एक म्हातारा कीबोर्ड तुमच्याशी बोलतो आहे. पुस्तकात मला कळफलक म्हणतात म्हणे. त्या नावानं मला आजवर एकाही माणसानं हाक मारलेली नाही, तेव्हा ते राहू द्या. चौबाऱ्याच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानावरच्या माडीत वीरण्णा सरांचा टायपिंगचा क्लास आहे. जिना चढून आलं की दारासमोरचं पहिलं टेबल माझं. माझ्या माथ्यावर हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं आहे. लोक ते बघून हात जोडतात. त्या बोटाचीच गोष्ट मला सांगायची आहे. ऐकायला गोड लागणार नाही. गोड सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडं जा.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आमच्यासारखे हजारो एका पट्ट्यावरून सरकत होते. वरून प्लास्टिकचं अंग, आत रबराची चादर, आणि त्या चादरीवर प्रत्येक कळेखाली रबराची एक बारीक टोपी. बोट दाबलं की टोपी खाली बसते आणि अक्षर उमटतं. बोट उचललं की टोपी वर येते. एवढंच माझं काळीज. तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंसं? हो, एवढंसंच. पण ते बिघडलं की माणसाचं काय होतं, ते पुढं येईलच.

हैदराबादच्या बाजारातून वीरण्णा सरांनी मला आणि माझ्या भावंडांना एका खोक्यात घालून उदगीरला आणलं. तेव्हा या माडीत टायपिंगच्या लोखंडी मशीन होत्या. काय त्यांचा आवाज! सगळ्या एकदम सुरू झाल्या की खालचा चपलवाला गिऱ्हाइकाशी ओरडून बोलायचा. पण सरकारनं मशीनवरची परीक्षा बंद केली, आता काय ते कॉम्प्युटरवर, असं ठरलं. भंगारवाला आला. ज्यांच्या जिवावर सरांनी घर बांधलं, त्या मशीन जिन्यावरून खाली जात होत्या आणि सर आतल्या खोलीत फोनवर हसत होते. माझं पुढं काय होणार, हे मला त्या दिवशीच कळायला पाहिजे होतं.

पण खोटं बोलणार नाही. सुरुवातीला सर मन लावून शिकवायचे. पोरांच्या हातांवर मिठाईच्या पुड्याचं झाकण उलटं ठेवायचे, म्हणजे कळांकडं बघता येऊ नये. "नजर कागदावर, बोटं घरात," असं म्हणायचे. घर म्हणजे कळांची मधली ओळ. तिथून बोटानं निघायचं, अक्षर मारायचं आणि परत घरी यायचं. कुणी लवकर स्पीड पकडायला गेलं की सर पट्टीनं टेबल वाजवायचे. "आधी बरोबर, मग भराभर! चुकीचं भराभर मारून काय करायचंय, हां?" हे वाक्य त्यांचंच आहे. त्यांनीच ते पुढं पायाखाली तुडवलं म्हणून मी लक्षात ठेवलं आहे.

त्या वर्षांत मला लई मान मिळाला. जळकोटकडचा आदिनाथ नावाचा एक पोरगा माझ्यावर बसायचा. बोटं लाकडासारखी, नखात माती. पहिले काही आठवडे त्यानं मला नुसतं बडवलं. मग हळूहळू त्याची बोटं मवाळ झाली. रोज एकच उतारा, मग दुसरा, मग पेपरातला अग्रलेख. चुका मोजायच्या, कमी करायच्या, मग घड्याळ लावायचं. मराठी तीस झालं, मग मिनिटाला चाळीस शब्दांचंही झालं, आणि एक दिवस तो पेढे घेऊन जिना चढला. कोर्टात क्लार्क म्हणून लागला होता. त्यानं पहिला पेढा सरांना दिला आणि दुसरा माझ्यावर ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण आम्हाला पाणी सोसत नाही.

त्याच्यानंतर माझ्यावर शिकलेले आणखी दोघं लागले. झालं! सरांनी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, "हा कीबोर्ड लकी हाय." पोरांनी अभ्यास केला, हातांना घट्टे पडेपर्यंत सराव केला, उपाशी राहून एस.टी.चे धक्के खाल्ले, ते सगळं गेलं कुणीकडं. श्रेय कुणाला? मला! आपल्याकडं घाम गाळणाऱ्याला कुणी मोजत नाही. नशिबाचं दुकान मात्र जोरात चालतं. माझ्या टेबलावर बसायला पोरं नंबर लावू लागली, आणि नवीन ॲडमिशनला आलेल्या बापाला सर पहिल्यांदा मलाच दाखवू लागले.

आणि मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या भागात हत्याराची पूजा असते. सुतार वाकस पूजतो, शेतकरी नांगर पूजतो, ड्रायव्हर जीपला हार घालतो. आमच्याकडं कीबोर्ड. सरांनी सगळ्यांना ओळीनं मांडलं, हळदीकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी नारळ फोडला आणि सगळ्यांवर चार-चार थेंब शिंपडत आले. माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "हा आपला मानाचा. याला जरा जास्त." आणि अर्ध्या करवंटीतलं नारळपाणी त्यांनी माझ्या अंगावर ओतलं. वर कुंकवाची चिमूट सोडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पूजा झाली. मला पुसलं मात्र कुणीच नाही. पूजेचं पाणी पुसायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं. ते गोड पाणी माझ्या आत उतरलं, कुंकवाशी कालवलं गेलं आणि वाळून खळ झालं. ते नेमकं उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली साचलं. तिथं माझा काना असतो. मित्रांनो, मराठीतलं कुठलंही वाक्य घ्या आणि काने मोजून बघा. काना म्हणजे आमचा श्वास. माझा श्वासच चिकटला.

आधी ती कळ नुसती जड झाली. मग तिच्या खालची रबराची टोपी फाटली. पहिला ठोका मारला की ती नुसती बसायची, काही उमटायचं नाही. दुसरा मारला की काना उमटायचा. पोरं कुरकुर करू लागली.

"सर, काना उठंना."

"जरा जोरात दाब की."

"जोरात बी दाबला सर. न्हाई उठत."

"मग दोनदा मार! एक बसतंच. एवढ्याला काय सारखं सर-सर लावलंय?"

दोनदा मार. बरोबर मारायला शिकवून ज्यानं नाव कमावलं, तो मास्तर सांगतो, दोनदा मार. सरांना एक नवा कीबोर्ड आणणं जड नव्हतं. त्यांना लकी कीबोर्ड काढून टाकणं जड होतं. माझ्याशिवाय जिना चढून आलेल्या बापाला दाखवायचं काय?

ज्यांना तोंड होतं ते दुसऱ्या टेबलावर गेले. साक्षी त्यातलीच. चाकूरजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर, रोज पहिल्या एस.टी.नं यायची. तिला सरांनी मोठा मान देऊन माझ्यासमोर बसवलं होतं. एक उतारा मारून ती उठली आणि म्हणाली, "मला लकी नको सर. मला चालणारा द्या."

"अगं, याच्यावर तिघं लागले."

"तवा ह्याला काना होता सर."

सगळा वर्ग हसला. सरांनी तिला शेजारच्या टेबलावर धाडलं आणि माझी जागा रिकामी राहिली. ती फार दिवस रिकामी राहिली असती, तर बरं झालं असतं.

गौसिया आली ती संक्रांत सरल्यावर. बाहीला कापसाचे पुंजके चिकटलेले. तिचे वडील मकसूदभाई गाद्या भरतात. कापूस पिंजणं, खोळी भरणं, लांब सुईनं टाके घालणं, सगळं घर त्यातच असतं. गौसियानं बी.ए. केलं होतं, तेही मराठी घेऊन. एका सरकारी खात्यात लिपिकांची भरती निघणार होती. लेखी परीक्षा, मग टायपिंगची चाचणी. ती दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती.

"सर, आदिनाथ कोर्टात लागला तो हाच का?"

"हाच. तुझं नशीब बघ, मोकळा हाय."

मागच्या टेबलावरून एक पोरगा म्हणाला, "मराठी टायपिंग हाय हे. उर्दू न्हाई."

गौसियानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "माहीत हाय. तू 'परिस्थिती' कसं लिहितो ते आधी बघ, मग माझ्याशी बोल."

साक्षी टेबलावर थाप मारून हसली. त्या दिवसापासून दोघी मैत्रिणी झाल्या.

मित्रांनो, मी पुष्कळ बोटं पाहिली. आळशी बोटं, घाबरट बोटं, तंबाखूची बोटं. गौसियासारखी बोटं पाहिली नाहीत. सुईनं टोचलेली, पण हलकी. सांगितलं तेवढं करायचं, रोज करायचं, तक्रार करायची नाही, असं तिला कुणीतरी लहानपणीच शिकवून ठेवलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "सर, हा काना एकदा मारला की येत नाही." सर म्हणाले, "दोनदा मार." तिनं मान हलवली आणि दोनदा मारायला लागली. पुन्हा कधी विचारलं नाही. साक्षी म्हणायची, "अगं, जागा बदलून माग." तर ही म्हणायची, "सवय झाली गं. आणि याच्यावर लागतात म्हणे." शिकलेली पोरगी, पण गरज असली की माणूस कशावरही विश्वास ठेवतो. मी तिला हसणार नाही.

ती सराव करायची तो असा की बघत राहावं. आधी नुसत्या बोटांच्या ओळी. मग शब्द, मग वाक्यं. चुका झालेले शब्द पुन्हा पुन्हा. पाठ झालेला उतारा ती टाकून द्यायची. "पाठ झालं की बोट झोपतं," असं म्हणायची आणि खालच्या चपलवाल्याकडून जुना पेपर मागून आणायची. घरीसुद्धा तिची बोटं थांबत नव्हती. साक्षीला सांगायची, "दस्तरख्वानावर बसले की मांडीवर बोटं चालू होतात. अम्मी म्हणते, क्या टकटक लगाई गे, खाना खा पहले. अब्बा म्हणतात, बजाने दे, नौकरी की आवाज है वो."

आणि मांडीवरसुद्धा तिचं मधलं बोट दोनदाच पडत असणार. मी पाहायचो ना! उतारा वाचत बसली की टेबलाच्या कडेवर बोटं आपोआप चालायची. सगळी एकदा, मधलं दोनदा. तिला ते कळतही नव्हतं. सराव म्हणजे काय असतो, हे मी तेव्हा ओळखलं. सरावाला बरोबर-चूक कळत नाही. तुम्ही त्याच्या हातात जे द्याल ते तो पक्कं करतो. खरं दिलं तर खरं पक्कं, खोटं दिलं तर खोटं पक्कं. सराव करा, सराव करा म्हणून फलक लावणारे पुष्कळ आहेत. कशावर करा, हे कुणी लिहीत नाही.

तिचा स्पीड वाढत गेला. तो जोडठोका इतका सफाईदार झाला की ऐकणाऱ्याला एकच वाटावा. पडद्यावर एकही चूक नाही. सर नव्या लोकांना तिच्या मागं उभं करून दाखवायचे, "बघा, अचूकता याला म्हणतात." मला ओरडावंसं वाटायचं. अरे, हिची अचूकता माझ्या आजाराच्या मापानं बेतलेली आहे! दुसऱ्या कुणाच्या अंगाला ती बसणार नाही! पण मला तोंड नाही. मला फक्त कळा आहेत, आणि त्याही दुसऱ्यानं दाबायच्या.

त्या भरतीचा फॉर्म साक्षीनंही भरला होता. लेखी परीक्षेचा निकाल लागला. गौसिया पास, साक्षी पास. मकसूदभाई त्या दिवशी स्वतः जिना चढून आले. दाढीत कापूस, हातात जिलेबीचा पुडा.

"सर, अब बस आपके हाथ में है."

"माझ्या कशाला मकसूदभाई, तिच्याच हातात हाय की. टायपिंगमध्ये वर्गात पहिली हाय ती. लागली म्हणूनच समजा."

मकसूदभाईंनी माझ्याकडं बघून सलाम केला. खरंच केला. गौसिया ओशाळली. "अब्बा, क्या करते तुमे!"

"क्यूं? सब करते तो मैं बी किया," असं म्हणून ते हसले. मग लेकीकडं बघत सरांना हळूच म्हणाले, "हमारे खानदान में कागज़ की नौकरी किसीने नहीं की, सर. सब रुई में ही गए."

गौसियाला ती नोकरी का पाहिजे होती, ते त्या वाक्यात होतं. याच्या आधीची भरती कधी निघाली होती ते कुणाला आठवत नव्हतं, पुढची कधी निघेल ते कुणाला माहीत नव्हतं. तिनं साक्षीला सांगितलं होतं, "ही गेली तर मग सुई हाय आणि मी हाय. अब्बांचा दमा वाढलाय. दुकान कुणीतरी बघायलाच पाहिजे."

टायपिंगची चाचणी नांदेडला होती. दोघी मकसूदभाईंबरोबर गेल्या. जाण्याआधी गौसियानं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "येते." मी कीबोर्ड आहे, मला अंगावर काटा येत नाही. त्या दिवशी आला.

दोन दिवसांनी त्या वर्गात आल्या. साक्षी पुढं, गौसिया मागं. साक्षीचा चेहरा पास झालेल्याचा नव्हता, म्हणून मला आधी वाटलं दोघीही गेल्या. सर म्हणाले, "काय झालं?"

साक्षी म्हणाली, "माझं निघालं. हिचं न्हाई निघालं."

गौसिया माझ्यासमोर बसली आणि खाली बघत सांगू लागली. तिथं सगळे कीबोर्ड नवे होते. घंटा झाली, तिनं नजर कागदावर ठेवली, बोटं घरात ठेवली आणि सुरू केलं. सुरेख चाललं होतं. पहिली ओळ संपल्यावर सहज पडद्याकडं बघितलं, तर जिथं जिथं काना तिथं तिथं दोन काने. प्रत्येक शब्द शेपूट फुटल्यासारखा. खोडायला गेली तर खोडायची कळ चाचणीत बंद ठेवलेली. मग तिनं ठरवलं, आता एकदाच मारायचं. बोट ऐकेना. बोटाला धरून ठेवायला गेली, तर बाकीची बोटं अडखळली. स्पीड गेला. मग अक्षरं गेली. शेवटी तिनं हात उचलून मांडीत घेतले.

"सगळे टकटक करून राहिले होते सर, आणि मी नुसती बघून राहिले होते," ती म्हणाली.

सर खुर्चीत रेलले. "घाबरलीस तू. होतं असं. बोटं जड हायत तुझी, मी म्हणतच होतो."

कधी म्हणत होतो? कधी? परवापर्यंत हीच बोटं अचूकतेचा नमुना होती! गौसियानं आपल्या बोटांकडं बघितलं आणि मान हलवली. तिला ते पटलं, मित्रांनो. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर तिला ते पटलं याचा. गरिबाच्या पोरीला 'चूक तुझीच आहे' हे पटवायला काही कष्ट लागत नाहीत.

पण साक्षीला नाही पटलं. तिनं गौसियाला हाताला धरून उठवलं. "इकडं ये. माझ्या कीबोर्डवर बस. मार."

"आता कशाला?"

"मार म्हणते ना."

गौसियानं दोन ओळी मारल्या. पडद्यावर काने जोडीनं उभे राहिले. साक्षीनं त्या दोन ओळी पुन्हा वाचून बघितल्या. मग माझ्याकडं आली, माझी वायर काढली, मला उचललं, पालथं केलं आणि टेबलावर दाणकन आपटलं. माझ्या पोटातून लाल-काळ्या खळीचा खपला निघून पडला.

"हे बघ," ती म्हणाली. "तुझ्या बोटाला काय झालेलं न्हाई, गौसिया. ह्यानं तुला चुकीचं शिकवलं. आणि ह्यांनी शिकवू दिलं."

सर उठले. "ए, जीभ सांभाळ. पूजेचं हाय ते."

गौसिया सरांकडं वळली. आवाज चढवला नाही. "सर, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात दोनदा मार."

"अगं, मग काय झालं? जागा बदलून मागायची होती. मी काय बांधून ठेवलं होतं? आणि नशिबात असतं ते कुठं जात नाही."

"तीन पोरं लागली ते कीबोर्डाचं नशीब, आणि मी गेले ते माझं?"

सरांनी मोबाइल उचलला आणि कुणाला तरी फोन लावल्यासारखं केलं.

त्यानंतर ती काही दिवस येत राहिली. साक्षीच्या टेबलावर बसायची आणि एकेक शब्द हळू हळू मारायची. शिकलेलं विसरायचा क्लास कुठं निघालेला नाही, मित्रांनो. हळू मारलं की बोट ऐकायचं. जरा वेग आला की पुन्हा जुन्या वळणावर जायचं, जसा बैल धनी झोपला तरी आपल्या वाटेनं घरी जातो. हे वळण मोडेलही, पण त्याला दिवस लागतात, धीर लागतो आणि समोर काहीतरी आशा लागते. तिच्यासमोर आता नुसता दमेकरी बाप होता आणि भिंतीपर्यंत रचलेल्या गाद्या होत्या.

शेवटी एका दुपारी ती दुकानातली मोठी कात्री घेऊन आली. वर्गात पोरं होती, सर होते. ती सरळ माझ्यापाशी आली. तिनं माझी वायर हातात धरली आणि कापली. एका झटक्यात, खोळ कापावी तशी.

"आता कुणाला बसवू नका सर याच्यावर," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्यावर कुणी उपकार केला असेल तर तो हा. मला वाटलं, सुटलो. भंगारात जाईन, वितळेन, पण आता माझ्यामुळं कुणाचं बोट वाकडं होणार नाही.

सरांनी आकांत केला. पूजेची वस्तू! क्लासची लक्ष्मी! पोलिसांत जाईन, बापाला बोलाव! संध्याकाळी मकसूदभाई आले. जिना चढता चढता दम लागून तीनदा थांबले, ते खोकल्यावरून कळत होतं. सर खुर्चीतून उठले नाहीत. मकसूदभाई माझ्या टेबलाजवळ उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"गलती हो गई सर. बच्ची है. दिल टूटा है उसका. माफ कर दो."

गौसिया बापाच्या मागं उभी होती. तिला बोलायचं होतं, पण त्यांनी हात मागं करून तिला थोपवलं. ज्याच्या लेकीची वाट लागली तो हात जोडून उभा, आणि ज्यानं लावली तो खुर्चीत. सर म्हणाले, "जाऊ द्या मकसूदभाई. मी मन मोठं करतो. पण पुन्हा ती इथं येता कामा नये." मकसूदभाईंनी मान हलवली. त्या दोघांना जिना उतरताना बघायला सर या वेळीही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांनी वायरमन बोलावला. त्यानं माझ्या वायरचे तुकडे पिळून जोडले आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. काना तसाच. कुंकवाचं नवं बोट लावलं. सर पोरांना म्हणाले, "बघा, तोडणारे तोडतात. लकी ते लकीच राहतं."

मध्यंतरी साक्षी पेढे घेऊन आली होती. तिची नेमणूक लातूरला झाली. सरांनी तिचा फोटो भिंतीवर आदिनाथच्या फोटोशेजारी लावला, आणि ती कधीच माझ्यावर बसली नव्हती तरी फोटोखाली माझंच नाव लिहिलं. साक्षीनं ते वाचलं आणि पेढ्याचा पुडा सरांच्या हातातून परत घेतला. "हे गौसियाकडं देते," ती म्हणाली. "आत्ता तिच्या दुकानावरूनच आले. तिला म्हणलं, पुढली भरती निघाली की सांगते, फॉर्म भर. तर म्हणली, कळव. अन् सुईत दोरा ओवत बसली. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई." एवढं बोलून ती गेली. आता तीही येत नाही.

तर मित्रांनो, माझी एक विनंती आहे. माझ्या जातीतले म्हातारे अशा वेळी म्हणतात की आमची काळजी घ्या, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. मला मोडा. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत, तुमच्या क्लासमध्ये माझ्यासारखा एखादा मानाचा बिघाड असेल, हळदीकुंकू लावून ठेवलेला, तर त्याची पूजा करू नका. त्याला पुसा, उघडा, दुरुस्त करा. दुरुस्त होत नसेल तर फेकून द्या. आणि शिकायला बसलेलं लेकरू म्हणालं की हे चालत नाही, तर त्याला दोनदा मार म्हणून सांगू नका. आधी ते काय म्हणतंय ते बघा. लेकराची बोटं एकदाच शिकतात.

मला हे सगळं ओरडून सांगायचं आहे, पण माझं कोण ऐकणार? परवापासून माझ्यासमोर देवणीकडची एक पोरगी बसते. बापानं सरांच्या पाया पडून तिला इथं घातलं आहे. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, हे एकदा मारलं की येत नाही." सरांनी काय सांगितलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

पोरगी गुणी आहे. उलटून बोलत नाही. रोज सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या शेवटी जाते, आणि मित्रांनो, ती फार मन लावून सराव करते.